फिरत्या सामानाची सिस्टर

मी क्लबाचा मेंबर नाही. कधी नव्हतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण अंकासाठी सिस्टरवर चार ओळी लिहून द्या म्हणून क्लबातली मंडळी घरी आली, तेव्हा त्यांच्या कागदावर माझ्या नावापुढं 'ज्येष्ठ सदस्य' असं आधीच छापलेलं होतं. मी ते खोडायला लावलं. मी नागापूरच्या कारखान्यात वेल्डर होतो, शिक्षण चौथी, आणि क्लबाशी माझा संबंध म्हणजे सिस्टरशी संबंध. चार ओळींत ती बाई बसत नाही. जागा कमी पडली तर त्यांनी अध्यक्षांचे फोटो कमी करावेत.

तिचं नाव पुष्पाबाई. मागच्या थंडीत कोल्हारला भाच्याच्या घरी वारली. मी तिला तोंडावर 'तुमी' म्हणायचो. माघारी बोलताना 'ती'. इथं माघारीच लिहितोय, म्हणून ती.

सगळी नोकरी तिनं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली. रिटायर झाली आणि पांढरं नेसणं सोडलं ते सोडलंच. कायम गडद जांभळी नाहीतर चॉकलेटी साडी. म्हणायची, जन्मभर डाग दिसतील असं नेसले, आता डाग लपतील असं नेसते. पण नेसून काम तेच. अंगानं काटकुळी, चालणं भरभर, आणि आवाज असा की रस्त्याच्या पलीकडचा माणूस उगाच आपली पिशवी खाली ठेवून उभा राहायचा.

सावेडीत क्लबाच्या एका मेंबरची इमारत आहे. तिच्या खाली शटरची एक खोली त्यानं क्लबाला दिली होती. त्या खोलीत दवाखान्यातल्यासारख्या हँडल फिरवायच्या लोखंडी खाटा, चाकाच्या खुर्च्या, वॉकर, पाण्याच्या गाद्या, कमोडच्या खुर्च्या असं सामान असायचं. ज्याच्या घरात माणूस अंथरुणाला खिळलं त्यानं न्यावं, काम झालं की परत आणावं. क्लबाच्या बोर्डावर त्याला 'रुग्णसाहित्य केंद्र' लिहिलेलं होतं. सिस्टर म्हणायची 'फिरतं सामान'. शटरची किल्ली तिच्या कमरेला.

तिला सगळ्या जन्मात एकच घोर लागलेला मी पाहिला, आणि तो या खोलीचा. खोली देताना तो मेंबर म्हणाला होता, तूर्त वापरा. त्या 'तूर्त'ची तिला धास्ती. शिवाय क्लबाची एक रीत आहे. दर जुलैला अध्यक्ष बदलतो, आणि नव्या अध्यक्षाला नवीन काम काढावं लागतं. एकानं झाडं लावली, दुसऱ्यानं बसायची बाकडी टाकली, तिसऱ्यानं त्या झाडांना पाणी न घालता चौकात घड्याळ बसवलं. मागच्याचं काम पुढच्याला सावत्र. सिस्टर म्हणायची, "खोली गेली ना मिस्त्री, की हे सामान एका दिवसात वाटून टाकतील. वाटलेलं सामान परत फिरत नाही."

आमची ओळख भांडणानं झाली. माझी बायको सरू मोरीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि वयामुळं डॉक्टरनं ऑपरेशनला नको म्हटलं. कुणी शेजाऱ्यानं क्लबाला फोन केला. दुसऱ्या दिवशी दारात क्लबाचं सामान वाहणाऱ्या सलीमचा टेम्पो, टेम्पोत खाट, आणि पुढं ही बाई. मी दारातच आडवा उभा राहिलो. म्हटलं, फुकटाची खाट माझ्या घरात येणार न्हाई, मी स्वतः लोखंडातला माणूस हाय, मी बनवीन. मला वाटलं आता ती समजूत घालील. तिनं नुसतं सलीमला टेम्पो वळवायला सांगितलं आणि मला म्हणाली, "बनवा. आठ दिवसांनी बघायला येते."

मी माझ्या शेडमध्ये तीन दिवसांत पाइपाची खाट बनवली. घराला लागूनच पत्र्याची शेड आहे माझी, सुट्टीच्या दिवशी गेटं-खिडक्या करायचो तिथं. खाट अशी झाली की हत्ती निजवावा.

बरोबर आठव्या दिवशी सिस्टर आली. माझ्याशी रामराम नाही काही नाही, थेट सरूकडं. चादर वर करून आधी तिच्या टाचा पाहिल्या. मग कुशीवर वळवून पाठ पाहिली. मग खाटेच्या जोडावरून बोट फिरवलं आणि म्हणाली की वेल्डिंग झकास आहे. मी फुगलो. तेवढ्यात म्हणाली, "आता माझ्यासमोर तुम्ही हिला कुशीवर वळवा."

मी वाकलो आणि तसाच राहिलो. कंबरेत उसण भरली. मी खाट केली होती नेहमीच्या खाटेच्या उंचीची, आणि दिवसातून दहा वेळा तिच्यावर वाकत होतो.

"खाट निजणाऱ्याच्या मापानं केलीत," सिस्टर म्हणाली, "ती करणाऱ्याच्या मापानं करायची असते. तुमची कंबर गेली तर हिला कोण वळवणार?"

त्याच संध्याकाळी मी खाटेच्या पायांना हातभर पाइप जोडला. सरू त्या खाटेवर सात महिने होती. तिच्या पाठीला एक जखम झाली नाही. हे मी गर्वानं सांगतो, कारण ते माझं आणि सिस्टरचं मिळून केलेलं काम होतं. सरू गेली. तेरावं झाल्यावर मी उठून सावेडीला त्या खोलीवर गेलो आणि विचारलं, ती कोपऱ्यातली खुर्ची चाक वाकडं घेऊन का उभी हाय. सिस्टरनं माझ्याकडं पाहिलं आणि खुर्ची ओढून माझ्यापुढं आणली. तेव्हापासून मी तिथलाच.

तिच्या बरोबर सामान पोचवायला, आणायला सलीमच्या टेम्पोतून मी पुष्कळ घरं फिरलो. दिलं की आठ दिवसांनी न सांगता जायचंच. गेल्या गेल्या माणसाच्या टाचा बघायच्या. टाचेवरून घर कळतं म्हणायची. सावेडीच्या एका फ्लॅटमध्ये काचेचं टेबल, भिंतीएवढा टीव्ही, आणि आतल्या खोलीत म्हाताऱ्याची टाच लाल झालेली. सूनबाई चहा घेऊन आली. सिस्टर म्हणाली, चहा नंतर, आधी बादली आणि साबण. त्या सुनेचं तोंड उतरलं. पण अर्ध्या तासात तिला पदर खोचून पाठ कशी पुसायची ते शिकवूनच सिस्टर उठली, आणि मग चहा दोनदा मागून घेतला. पुढं तीच सूनबाई शेजाऱ्यापाजाऱ्यांना शिकवायला जायला लागली.

सामान परत आलं की फिनेलनं धुवायचं आणि शटरपुढं उन्हात मांडायचं. वरच्या मजल्यावरच्यांना ते खपायचं नाही. गॅलरीत आलं की समोर सहा कमोडच्या खुर्च्या ओळीनं. एकानं तक्रार केली की पाहुण्यांपुढं लाज वाटते. सिस्टर म्हणाली, पाहुण्यांनाही एक दिवस लागणार आहेत, बघून ठेवू द्या.

खाट न्यायला येणारा माणूस हटकून एक प्रश्न विचारायचा. आवाज खाली करून. ही खाट कोणाच्या घरून आली, आणि तिथला माणूस बरा झाला का गेला? ज्या खाटेवर कुणी गेलं ती आपल्या घरात कुणाला नको असते. सिस्टर खोटं बोलली असती तर सोपं होतं. ती बोलायची नाही. म्हणायची, खाट लोखंडाची आहे, तिला कुणाची आठवण राहत नाही. एक बाई फारच लावून धरायला लागली, तर सिस्टरनं तिला विचारलं, "तुम्ही ज्या खाटेवर बाळंत झालात, तिला असं विचारलं होतं का?" बाई हसली आणि खाट घेऊन गेली.

आता खुर्च्यांचं सांगतो, कारण ते क्लबात अजून कुणी मोठ्यानं सांगत नाही. बाजारपेठेतल्या एका शेठजींनी आईच्या नावानं चाकाच्या दहा खुर्च्या दिल्या. मोठा कार्यक्रम झाला. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर लाल अक्षरात, लांबून वाचता येईल असं, 'कै. मातोश्री' आणि पुढं नाव, आणि खाली 'यांच्या स्मरणार्थ'. फोटो छान आले. पहिली खुर्ची केडगावला गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. म्हाताऱ्याचा पोरगा दाढी खाजवत उभा. म्हणाला, "आमचे दादा बसत न्हाईत. म्हनतात, ह्याच्या खाली माझं नाव लिव्हायला जागा सोडलीय का?"

दुसऱ्या घरी लोकांनी पाठीवर टॉवेल बांधला. तिसऱ्या घरच्या आजीनं खुर्चीला हात लावायचंही नाकारलं. दहा नव्या कोऱ्या खुर्च्या खोलीत, आणि लोकांना आमच्या जुन्या, खडखडणाऱ्या पाहिजेत. सिस्टर मला म्हणाली, "मिस्त्री, खरवडा."

मी नऊ खुर्च्या खरवडल्या आणि दहावी घेणार, तोच शेठजी अध्यक्षांना बरोबर घेऊन न सांगता आले. अध्यक्षांचा चेहरा पडला. ते शेठजींची माफी मागायच्या बेतात होते. सिस्टरनं मधेच दहावी खुर्ची ओढून शेठजींपुढं केली आणि म्हणाली, उन्हातून आलात, बसा. शेठजी हसत वळले, खुर्चीच्या हातावर हात टेकला, आणि पाठीवरची अक्षरं त्यांच्या डोळ्यापुढं आली. बसले नाहीत. मग म्हणाले, ही पण खरवडा. नाव पाहिजेच असेल तर सीटच्या खालून लिहा, वरच्याला दिसतं. मी स्वतः खालून लिहिलं, माझ्या अक्षरात. त्यात एक काना चुकलाय, तो अजून तसाच आहे.

त्याच वर्षी क्लबानं माझा सत्कार करायचा घाट घातला. मी नको म्हणत होतो. तरी स्टेजवरून नाव पुकारलं. मी मागं खुर्च्यांच्या ओळीत उभा राहून म्हटलं, शाल दुसऱ्याला द्या, मला थंडी वाजत न्हाई. तेव्हा अध्यक्ष माइकमध्ये म्हणाले, आमचे मिस्त्री जरा तिरसट आहेत, पण काम चांगलं करतात. लोक हसले. मी चप्पल घातली आणि निघालो. सिस्टरला सांगितलं की क्लब जिथं आहे तिथं माझं पाऊल आता पडणार नाही. तिनं विचारलं, "खोलीवर याल ना? खोलीवर मी असते, क्लब नसतो." दुसऱ्या दिवशी मी खोलीवर गेलो. पण क्लबाच्या हॉलची पायरी मी चढलो नाही.

आणि मग तो 'तूर्त' संपला. त्या मेंबरच्या पोराला तिथं मोबाईलचं दुकान टाकायचं होतं. त्याची जागा, त्याचा हक्क, त्याला दोष नाही. दिवाळीपर्यंत मोकळी करा म्हणाला. क्लबाची मीटिंग बसली. मी हॉलबाहेर खिडकीखाली कट्ट्यावर बसून ऐकत होतो. अध्यक्ष जुलैत बसलेले, नवीन. त्यांनी सांगितलं की जागा शोधत बसण्यापेक्षा सगळं सामान गरजूंना कायमचं देऊन टाकू, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एकच मोठा कार्यक्रम घेऊ. टाळ्या झाल्या. सिस्टरचा आवाज त्या टाळ्यांवरून आला. ती एवढंच म्हणाली की वॉकर एकाला देऊन टाकला तर तो बरा झाल्यावर त्याच्या माळ्यावर जाईल, आणि त्याच्या शेजारी दुसरा माणूस भिंत धरून चालत राहील. अध्यक्ष वाईट माणूस नव्हता. म्हणाला, ताई, तुम्ही जागा दाखवा, मी कार्यक्रम रद्द करतो.

ती जागा शोधायला लागली. एका शाळेनं वर्ग दाखवला, तो दुसऱ्या मजल्यावर. एका मंगल कार्यालयानं कोपरा दिला, पण लग्नसराईत उचला म्हणाले. सलीमनं त्यांच्या गल्लीतली एक खोली दाखवली, तिचं छत गळत होतं. प्रत्येक ठिकाणी जिने चढायचे, उतरायचे. तिचे गुडघे गेलेले होते हे मला चालण्यावरून कळत होतं. भरभर चालणं राहिलंच नव्हतं.

माझी शेड रिकामी होती. मशीनं एका बाजूला, बाकी सगळी मोकळी. हे तिला ठाऊक होतं. तिथं बसून तिनं माझ्या हातचा चहा प्यालेला. पण तिनं विचारलं नाही. आणि मी बोललो नाही. शेड दिली की तिच्या मागं क्लब येणार, बॅनर येणार, फीत कापायला अध्यक्ष येणार. मी वाट बघत होतो की ती विचारील. ती वाट बघत होती की मी आपणहून बोलेन. नवरात्र सरलं. सलीम एक दिवस वैतागून म्हणाला, "तुमी दोगं बसा एकमेकाची तोंडं बघत. तिकडं वाटपाचे बॅनर छापून आले."

त्यानंतर दोन दिवसांनी आम्ही बोल्हेगावला एक खाट आणायला गेलो. खाट चढवली. सिस्टरला टेम्पोतून उतरून त्या घरच्या बाईला भेटायचं होतं, माणूस गेला होता त्यांचा. ती दार धरून बसून राहिली. पाय खाली जाईना. मी आणि सलीम दुसरीकडं बघत उभे राहिलो. शेवटी ती बाईच टेम्पोपाशी आली, आणि सिस्टरनं वरूनच तिचा हात धरला.

परत येताना ती बोलली. कोल्हारचा भाचा न्यायला येतोय म्हणाली, दिवाळी झाली की जाणार. "किल्ली कुणाच्या हातात द्यायची एवढं कळलं असतं तर बरं होतं." अजूनही विचारलं नाही तिनं. बाहेर बघत होती.

मी म्हटलं, "शेड हाय माझी."

"माहिती आहे."

"बोर्ड लागणार न्हाई. नारळ फुटणार न्हाई. अध्यक्षानं यायचं न्हाई."

"बरं," ती म्हणाली. पुढचा चौक आला. मग म्हणाली, "पण उंबरा काढावा लागेल."

शेडच्या दाराला मी वीतभर उंच सिमेंटचा उंबरा घातलेला आहे. घातलेला होता. एका पावसात रस्त्याचं पाणी आत येऊन माझं वेल्डिंग मशीन जळालं, तेव्हा घातला. मी म्हटलं, उंबरा निघणार न्हाई. ती म्हणाली, चाकाची खुर्ची आत कशी येणार? मी म्हटलं, उचलून घेऊ. ती म्हणाली, तुम्ही किती वर्ष उचलणार? मी म्हटलं, फळी टाकीन. असं तीन दिवस फोनवर चाललं. सामान हलवायला चार दिवस उरले होते आणि आम्ही वीतभर सिमेंटवर भांडत होतो. सलीमनं तर टेम्पो दुसऱ्या भाड्याला लावायची धमकी दिली.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "एखादी बाई एकटीच आपल्या नवऱ्याला खुर्चीत ढकलत आली, आणि तुम्ही घरात झोपलेले असाल. तिला फळी कोण टाकून देणार?"

मी फोन ठेवला. कुठली बाई माझ्या डोळ्यापुढं आली ते सांगत नाही. सकाळी छिन्नी-हातोडा घेऊन उंबरा फोडला. दारापासून रस्त्यापर्यंत उतार घातला. आणि पाणी येऊ नये म्हणून दारापुढं आडवी चारी काढून वर लोखंडी जाळी बसवली. ती जाळी तिनं सांगितलेली नव्हती, ती माझी.

अध्यक्षानं शब्द पाळला. कार्यक्रम रद्द केला. छापलेले बॅनर सलीमनं आणून दिले, ते मी उलटे करून खाटांवर धुळीला टाकले. नारळ फुटला नाही.

कोल्हारला जायच्या दिवशी सकाळी सिस्टर रिक्षानं आली. भाचा बरोबर होता, तिची ट्रंक रिक्षात. मला वाटलं ती खाटा बघील, वॉकर मोजील. तिनं तिकडं बघितलंही नाही. एक चाकाची खुर्ची ओढली, साडी सावरून तीत बसली, पर्स मांडीवर ठेवली आणि मला बाजूला व्हा म्हणाली. मी ढकलायला पुढं झालो.

"हात लावू नका," ती म्हणाली.

दोन्ही हातांनी चाकं फिरवत ती जाळीवरून पलीकडं गेली, उतारावरून खाली रस्त्यापर्यंत. तिथं वळली. वर यायला लागली. अर्ध्यात खुर्ची थांबली आणि किंचित मागं सरकली. भाचा धावला, मी त्याला धरला. तिनं चाकं आवळून धरली, श्वास घेतला, एकदा जोर केला, परत केला, आणि आत आली. कपाळावर घाम. उठून पदरानं पुसला.

"उतार तीव्र झालाय," म्हणाली. "एक हात लांब करा."

मी म्हटलं, पुढं रस्ता हाय, जागा न्हाई. ती म्हणाली जागा आहे, वळवून घ्या. मग कमरेची किल्ली काढली, जिचं शटर आता दुसऱ्याचं होतं, आणि सवयीनं माझ्यापुढं धरली. दोघांच्याही लक्षात आलं. तिनं ती तशीच पर्समध्ये टाकली आणि रिक्षात बसली.

मी उताराच्या टोकाशी उभा राहून पायानं माप घेत होतो. रिक्षा सुरू झाली. नागापूरच्या चौकाकडं वळेपर्यंत तिचा हात रिक्षाबाहेर होता, सरळ ताठ, आणि दुसऱ्या हाताचं बोट कोपरावर टेकवलेलं, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, एवढं, एवढं लांब.